खगोल मंडळांच्या व्याख्यानांना निरीक्षणाची जोड हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला की हौशी खगोल मंडळांच्या व्याख्यानांच्या बातम्या आपल्या अंकात नियमाने येऊ लागतात, त्याबद्दल आभार. याच दिवसांत मंडळांच्या वर्षभराच्या कार्यक्रमपत्रिका ठरतात, म्हणून संयोजकांनी आणि काही प्रमाणात वृत्तपत्रांनीही विचारात घ्याव्यात अशा गोष्टी या पत्रातून मांडत आहे.

वक्त्यांची आपल्याकडे वानवा नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. मुंबईचे खगोल मंडळ हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये आला त्या सुमारास उभे राहिले. आयुका, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था या तिन्ही संस्था महाराष्ट्रात आहेत. मोठ्या शास्त्रज्ञाने मराठीतून सोपे करून सांगण्याची वाट डॉ. जयंत नारळीकरांनी घालून दिली आणि त्या वाटेने आजही बरेच जण येतात. उणीव आहे ती व्याख्यान आणि आकाश यांच्यातल्या दुव्याची. कृष्णविवरे, महास्फोट, परग्रहांवरची जीवसृष्टी हे विषय उत्तमच आहेत, पण श्रोता घरी जाताना हातात करण्याजोगे काही घेऊन जात नाही. असा सभासद दोन-तीन वर्षे व्याख्याने ऐकतो, आणि ययाती तारकासमूह कुठे आहे ते दाखवा म्हटले की अडतो. मग त्याचे येणे कमी होते. त्याची आवड संपलेली नसते, मंडळाने त्याला काम दिलेले नसते.

म्हणून पहिली सूचना अशी. प्रत्येक व्याख्यानाची शेवटची दहा मिनिटे मंडळातल्या अनुभवी निरीक्षकाला द्यावीत आणि अर्ध्या पानाचा कागद प्रत्येकाच्या हाती पडावा. कोणता तारा किंवा ग्रह, कोणत्या दिशेला, किती वाजता, काय टिपायचे आणि नोंद कुणाकडे द्यायची, एवढेच त्यावर असावे. नकाशा पांढऱ्यावर काळा छापावा. पडद्यावरचा काळ्या पार्श्वभूमीचा सुंदर नकाशा गच्चीवर लाल उजेडात वाचता येत नाही. पुढच्या बैठकीची पहिली पंधरा मिनिटे या नोंदी मांडण्यासाठी राखून ठेवावीत. हे जमायचे तर विषय त्या पंधरवड्यात आकाशात दिसणारा हवा, म्हणजे सगळी व्याख्याने पावसाळ्यात कोंबून चालणार नाही. निम्मी तरी ऑक्टोबर ते मार्चमध्ये न्यावीत.

उदाहरणार्थ रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांवरचे व्याख्यान घ्या. ते ऑगस्टमध्ये ठेवले तर ढगांमुळे दोन महिने काहीच करता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ठेवले तर ययातीतला अल्गोल संध्याकाळपासून ईशान्येला असतो आणि शहराच्या गच्चीवरूनही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. अल्गोल हे एकमेकांना झाकणाऱ्या ताऱ्यांचे जोडपे आहे. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (तारा जितका मंद तितका हा मोठा), २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते, आणि मंद होऊन पूर्ववत व्हायला सुमारे दहा तास लागतात. या आवर्तनामुळे प्रत्येक पुढचा न्यूनतम क्षण, म्हणजे तारा सर्वांत मंद असण्याची वेळ, तिसऱ्या दिवशी तीन तास अकरा मिनिटे आधी येतो. समजा तो रविवारी रात्री, मध्यरात्रीनंतर एक वाजता आहे. मग पुढचा बुधवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास आणि त्यापुढचा शनिवारी संध्याकाळी साडेसहानंतर. त्यानंतर काही दिवस तो दिवसाउजेडीच होतो. वक्त्याची तारीख ठरवताना हे कोष्टक समोर असेल तर व्याख्यानाच्या आठवड्यातच सभासदांना अल्गोलचे हे ग्रहण पाहायला मिळते.

प्रत काढण्याची रीत एका बैठकीत शिकवता येते. देवयानीतला गॅमा (प्रत २.१), ययातीतला एप्सिलॉन (२.९) आणि कप्पा (३.८) हे तुलनेचे तारे. अल्गोल यांपैकी कोणत्या दोघांच्या मध्ये बसतो ते पाहायचे. दोघांमधल्या अंतराचे मनाने दहा भाग करायचे आणि तो कितव्या भागावर आहे ते लिहायचे. दर अर्ध्या तासाने एक नोंद, वेळ पाच मिनिटांपर्यंत अचूक. चार-पाच तासांच्या नोंदी आलेखाच्या कागदावर मांडल्या की उतार-चढ दिसतो. चुका ठरलेल्या असतात. न्यूनतम क्षणाची वेळ आधी पाहून ठेवली की डोळा त्या वेळेला तारा मंद 'पाहतो', म्हणून ती वेळ संयोजकाकडेच राहावी. एका ताऱ्याकडे टक लावून पाहिले तरी अंदाज बिघडतो. नजर दोन्ही ताऱ्यांवर भराभर फिरती हवी. आणि तुलनेचा तारा क्षितिजाजवळ असेल तर तिथली जाड हवा त्याला मंद करते, म्हणून दोन्ही तारे साधारण सारख्या उंचीवर असताना नोंद घ्यावी. एवढे जमले की वृषपर्वातला डेल्टा (३.५ ते ४.४, आवर्तन ५.३७ दिवस) आणि मृगातला काक्षी (बेटेलज्यूझ) असे पुढचे तारे देता येतात. त्या नोंदी १९११ पासून चालत आलेल्या आवसो (AAVSO) या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे पाठवता येतात, आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात. काक्षी फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत मंद झाला होता, तेव्हाच्या नोंदींत हौशी निरीक्षकांचा वाटा मोठा होता.

आता जाहीर आकाशदर्शनाविषयी. इथे सर्वांत मोठी गफलत तारखेत होते. कोजागरीच्या निमित्ताने आकाशदर्शन ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मसाला दुधासाठी पौर्णिमा हवी हे खरेच, पण दुर्बिणीसाठी तिच्याइतकी वाईट रात्र नाही. सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, विवरांना सावल्या राहत नाहीत, चंद्र सपाट पांढरा दिसतो आणि बाकीचे आकाश धुऊन जाते. लोकांना चंद्र दाखवायचा तर शुद्ध पंचमी ते दशमी. प्रकाश आणि अंधार यांच्या सीमारेषेवर विवरांच्या कडा तेव्हाच उठून दिसतात. सभासदांना तेजोमेघ आणि आकाशगंगा दाखवायच्या तर वद्य दशमी ते शुद्ध तृतीया. घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी असतेच, वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही.

यंदा एक तारीख फार चांगली आली आहे. शनिवार, १४ नोव्हेंबर २०२६. बालदिन, दिवाळीची सुट्टी, शुद्ध पंचमीच्या आसपासचा चंद्र, आणि शनी साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत उंच. चंद्र मावळायच्या आत तो दाखवून घ्यावा आणि नंतर शनीकडे वळावे. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीवरून काठावर, म्हणजे बारीक रेघेसारखी आली होती आणि ती अजून पुरती उघडलेली नाहीत. हे लोकांना आधीच सांगावे, नाही तर पुस्तकातले चित्र मनात धरून आलेली मुले हिरमुसतात.

गर्दीचा हिशेब कागदावर करून मगच जाहिरात द्यावी. दुर्बिणीशी येणे, वाकणे, प्रतिमा सापडणे आणि बाजूला होणे याला माणशी चाळीस सेकंद धरा. लहान मुलांना जास्तच लागतात. तीन दुर्बिणी, प्रत्येकीवर वेगळी वस्तू आणि तीनशे लोक म्हणजे प्रत्येकजण तिन्ही रांगांत उभा राहणार. एका दुर्बिणीवर तीनशे गुणिले चाळीस सेकंद, म्हणजे तीन तास वीस मिनिटे. तेवढ्यात चंद्र मावळतो आणि मागचे शंभर लोक काही न पाहता परततात. तीन दुर्बिणींना शंभर ते सव्वाशे माणसे हीच मर्यादा, मग सगळे दीड तासाच्या आत होते. त्याहून जास्त लोक अपेक्षित असतील तर वेळेच्या चिठ्ठ्या द्याव्यात, आणि रांगेच्या पुढच्या टोकाला एक कार्यकर्ता फक्त बोलायला ठेवावा. आत काय दिसणार, कुठे पाहायचे, नळीला हात लावायचा नाही, हे रांगेतच सांगून झाले की दुर्बिणीपाशी वेळ वाचतो.

मोटर नसलेल्या डॉब्सोनियनवर, म्हणजे साध्या बैठकीच्या, हाताने फिरवायच्या आरशाच्या दुर्बिणीवर, आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या सहा किंवा आठ इंची दुर्बिणीला १० मिलिमीटरची साधी नेत्रिका (डोळ्याकडचे भिंग) लावली की १२० पट वर्धन मिळते आणि दृष्टिक्षेत्र अर्ध्या अंशाहून कमी असते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे शनी त्या क्षेत्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला शंभर सेकंदांत जातो. म्हणून दर दोन माणसांनंतर दुर्बीण चालवणाऱ्याने स्वतः डोळा लावून शनी पुन्हा आणावा, तोही मध्यावर नव्हे तर ज्या कडेकडून तो सरकत येतो त्या कडेजवळ. नाही तर तिसऱ्या-चौथ्या माणसाला काळे आकाश दिसते, आणि तो शिष्टाचार म्हणून "दिसलं" म्हणून निघून जातो. कार्यक्रम फसल्याचे हे लक्षण संयोजकांच्या कानावर कधीच येत नाही.

आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला पाऊण ते एक तास लागतो. गाडीतून काढून लगेच शनी लावला तर प्रतिमा उकळल्यासारखी हलते आणि दोष दुर्बिणीला दिला जातो. संरेखन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणे (कॉलिमेशन), जागेवर पोचल्यावर करावे, कारण खड्ड्यांच्या रस्त्यावर ते हलतेच. लेझर कॉलिमेटर वापरत असाल तर तो नेत्रिकेच्या खाचेत फिरवून पाहा. ठिपका आरशावर वर्तुळ काढत असेल तर कॉलिमेटरच वाकडा आहे. शेवटची तपासणी उंचावरच्या ताऱ्यावर करावी. पाश्चात्त्य पुस्तकांत त्यासाठी ध्रुवतारा सुचवलेला असतो, कारण तो हलत नाही. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम १६ ते २१ अंशांवर असतो आणि तिथल्या हवेतून नेमके काही कळत नाही. विषुववृत्तीय, म्हणजे ध्रुवताऱ्याशी जुळवावी लागणाऱ्या बैठकीची दुर्बीण आणणाऱ्यांनीही जागा निवडताना उत्तरेकडे डोंगर किंवा इमारत आडवी येत नाही ना ते दिवसाच पाहून ठेवावे.

उजेडाची शिस्त हा सततचा झगडा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका मोबाइलच्या झोताने ती जाते. बॅटरीवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर बांधावेत, एका थरातून पांढरा उजेड येतोच. गाड्या तोंड बाहेर करून आधीच उभ्या कराव्यात, म्हणजे मधेच निघणाऱ्याचे दिवे मैदानावर पडत नाहीत. हिरवा लेझर ५ मिलिवॉटपेक्षा जास्त नको, आणि तो एकाच जबाबदार कार्यकर्त्याच्या हातात हवा. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या लेझरवर छापलेला आकडा बहुतेकदा खरा नसतो आणि तो पुष्कळ जास्त शक्तीचा निघतो. मुलांच्या हाती तो देऊ नये. विमान दिसले की बंद. विमानतळाच्या परिसरात मनाई आदेश असतात, तिथे तो नेऊच नये.

पावसाळ्यात मग काय करावे? हात चालतील असे कार्यक्रम. अनेक घरांत वाढदिवसाला घेतलेली ७६ मिलिमीटरची दुर्बीण कपाटावर पडून असते. खोक्यावर '५२५ पट' लिहिलेले असते. तो आकडा ७०० मिलिमीटरच्या नळीला ४ मिलिमीटरची नेत्रिका आणि तिप्पट करणारे बार्लो भिंग लावून काढलेला असतो. एवढ्या आरशाला दीडशे पटीच्या पुढे काही मिळत नाही, नुसता अंधूक डाग मोठा होतो. अशा दुर्बिणी घेऊन सभासदांना बोलवावे. बहुतेक दुखणे शोधक दुर्बिणीचे, म्हणजे मुख्य नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीचे असते. पाऊस उघडला की दिवसा किलोमीटरभर दूरच्या पाण्याच्या टाकीवर किंवा मोबाइलच्या मनोऱ्यावर मोठी नेत्रिका, २० किंवा २५ मिलिमीटरची, रोखावी. मनोऱ्याचे टोक मध्यावर आणावे. मग शोधकाचे स्क्रू फिरवून तेच टोक फुलीवर आणावे आणि स्क्रू घट्ट करावेत. ट्रायपॉडचे पाय पूर्ण न उघडता आखूड ठेवावेत आणि मधल्या तबकात वाळूची पिशवी ठेवावी. एवढ्याने ती दुर्बीण ऑक्टोबरमध्ये गुरूचे चंद्र आणि कृत्तिका दाखवू लागते. नवीन काही घ्यायचे म्हणणाऱ्याला ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री सुचवावी, पहिल्या वर्षाला ती पुरते.

कोकणात आणि मुंबईत या दिवसांत नेत्रिकांना बुरशी येते आणि भिंगाच्या लेपात शिरली की ती निघत नाही. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापक ठेवावा. आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांवर राहिली पाहिजे. डांबरगोळ्या टाकू नयेत, त्यांची वाफ भिंगावर बसते. निळे जेल गुलाबी झाले की जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या भांड्यात मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करता येते. निळ्या रंगासाठी वापरलेले कोबाल्टचे संयुग अपायकारक असते, म्हणून घरची कढई वापरू नये. आरसा कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. नळाखाली धूळ वाहू द्यावी, पाण्यात चार थेंब सौम्य साबण टाकून कापूस स्वतःच्याच वजनाने फिरवावा, शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन आरसा उभा वाळवावा.

ज्यांच्याकडे चिकाटी आहे त्यांच्यासाठी आरसा घासण्याची कार्यशाळा आहे. आयुकाने अशा कार्यशाळा घेतल्या आहेत आणि दुर्बीण स्वतः बनवणाऱ्यांची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. सहा इंची, एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आरशाला मध्यभागी अवघी १.२ मिलिमीटर खोली लागते. घासण्याच्या ८० नंबरच्या जाड पावडरीने ती खोली येते. पुढे १२०, २२०, ३२० अशा बारीक पावडरींनी पृष्ठभाग गुळगुळीत होत जातो. शेवटी पिचच्या (डांबरासारख्या राळेच्या) लेपावर सीरियम ऑक्साइडने चकाकी आणतात. बिघडते ते पावडर बदलताना. आधीच्या जाड पावडरीचा एक कण नखात किंवा टेबलावर राहिला तर शेवटी खोल ओरखडा उठतो आणि मागे जावे लागते. म्हणून प्रत्येक टप्प्याला टेबलावरची रद्दी बदलावी, बादली वेगळी घ्यावी, हात नखांपर्यंत धुवावेत. जाड्या पावडरीचे काम आणि चकाकीचे काम एकाच खोलीत एकाच दिवशी ठेवू नये.

डिसेंबरकडे येतो, कारण यंदाचा मिथुन उल्कावर्षाव मंडळांनी हातचा घालवू नये. १३ आणि १४ डिसेंबर २०२६ या दोन्ही रात्री चंद्र चतुर्थी-पंचमीचा असेल आणि रात्र निम्मी होण्याच्या बरेच आधी मावळेल. उद्गमबिंदू, म्हणजे उल्का जिथून येताना भासतात ती जागा, मिथुनेतल्या कॅस्टर ताऱ्याजवळ आहे. तो संध्याकाळी उगवतो आणि पहाटे दोनच्या सुमारास महाराष्ट्रातून ७५ अंशांच्या आसपास उंच चढतो. गणना दहा ते चार करावी. बातम्यांत 'ताशी १२० उल्का' असे छापले जाते. तो आकडा उद्गमबिंदू डोक्यावर आणि आकाश ६.५ प्रतीपर्यंत काळे असेल तेव्हाचा असतो. या वर्षावात आकाशाची मर्यादा एका प्रतीने घटली की दिसणाऱ्या उल्का २.६ पटीने घटतात. ५.५ प्रतीच्या आकाशात चांगल्या स्थितीतही पंचेचाळीसच्या आसपास, आणि ठाण्या-पिंपरीच्या गच्चीवर चौथ्या प्रतीपर्यंतच दिसत असेल तर ताशी दहा-अकरा. उद्गमबिंदू तीस अंशांवर असताना हेही निम्मे. हा फरक आधी सांगितला की लोक रात्रभर टिकतात.

गणना गंभीरपणे करायची तर प्रत्येक निरीक्षकाची वही वेगळी हवी. पाच जणांनी मिळून ओरडत केलेली बेरीज कुणाच्याच उपयोगाची नसते. दर पंधरा मिनिटांना रेघ मारायची, मिथुनेतून आलेल्या आणि इतर उल्का वेगळ्या लिहायच्या, ढग किती टक्के आणि सर्वांत मंद तारा कोणता तेही नोंदवायचे. रात्री दोन-अडीचला झोप अनावर होते, तेव्हा चहा आणि पाळी दोन्ही लावून ठेवावे. दवाने वह्या भिजतात, म्हणून शाईऐवजी पेन्सिल आणि खाली पुठ्ठा. दुर्बिणींच्या तोंडाला जुन्या योगा मॅटची नळी गुंडाळावी, व्यासाच्या दीडपट लांब, म्हणजे दव उशिरा पडते. मुक्कामाच्या कार्यक्रमाची ग्रामपंचायतीला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कल्पना द्यावी, स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची सोय आधी स्वतः पाहावी, गवतात बूट घालूनच जावे. विदर्भातल्या मंडळांना तर पेंचचे जंगल जवळ आहे. जानेवारी २०२४ मध्ये ते भारतातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारे उद्यान ठरले. तिथे एक मुक्काम करून त्याच आठवड्यात नागपूरच्या गच्चीवरही तीच गणना केली, तर प्रकाश प्रदूषण कुणाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ज्या सभासदांना आकाशातल्या वाटा पाठ झाल्या आहेत त्यांच्यासाठी ६ मार्च २०२७, महाशिवरात्रीचा शनिवार. चंद्र नसतोच. मेसिए या फ्रेंच खगोलज्ञाच्या यादीतल्या ११० वस्तू (एम १ ते एम ११०) एका रात्रीत शोधण्याचा हा उपक्रम एम ७७ आणि एम ७४ ने सुरू करावा, त्या लवकर मावळतात. पहाटे शेवटचा एम ३० उजेडात हरवेल, पण शंभराचा पल्ला गाठता येतो. संगणकावर चालणारी दुर्बीण इथे नको, नकाशाने शोधण्यातच याचा उपयोग आहे.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो तो दिवस, शाळांसाठी सर्वांत स्वस्त कार्यक्रम आहे, आणि तो उन्हाळी सुट्टीत येतो. पणजीला २ मेच्या सुमारास, कोल्हापूरला ६-७ मे, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे, नागपूरला २६ मेच्या सुमारास. दुसरी तारीख जुलै-ऑगस्टमध्ये ढगांत जाते. वेळ बारा वाजताची नव्हे. मुंबईत सुमारे १२ वाजून ३५ मिनिटे, पुण्यात १२.३१, नागपुरात १२.११. तीस सेंटिमीटरच्या नळीची सावली त्या क्षणानंतर दर मिनिटाला सव्वा मिलिमीटरने वाढते, म्हणून दहा मिनिटे उशिरा जमलेल्या मुलांना सरळ सावलीच दिसते. नळी ओळंब्याने उभी आहे ना आणि फरशी पाणसळीने सपाट आहे ना हे आधी तपासावे, कारण एक अंश कललेली नळीही पाच मिलिमीटरची सावली टाकते. ढग आले तर आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी करावे. एका दिवसाचा फरक या नळीवर जेमतेम एक मिलिमीटर असतो.

२ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण महाराष्ट्रातून खंडग्रास दिसेल, तेही भर पावसाळ्यात आणि दुपार कलल्यावर. खग्रास पाहायला दक्षिण स्पेन किंवा इजिप्तमधल्या लक्झरकडे जावे लागेल. इथले कार्यक्रम ढगांची फट मिळेल असे धरून आखावेत आणि चष्मे आयएसओ १२३१२-२ या मानकाचे, विश्वासू ठिकाणाहून, आधीच मागवावेत. दुर्बिणीला सूर्याचे तेज अडवणारी गाळणी पुढच्या तोंडावरच लावायची. नेत्रिकेत बसवायची काळी काच उष्णतेने तडकते आणि डोळा जातो, ती दिसली तर फेकून द्यावी. शोधक दुर्बिणीचे झाकण चिकटपट्टीने बंद करावे. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, हळदीचे पाणी यांपैकी काहीही चालत नाही.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. आपल्या अंकात रोज सूर्योदय, सूर्यास्त आणि तिथी छापली जाते, पण चंद्रोदयाची वेळ फक्त संकष्टीला, गावागावांची. ती रोज छापावी आणि शुद्ध पक्षात चंद्रास्ताचीही द्यावी. त्याखाली एका ओळीत, सूर्यास्तानंतर कोणता ग्रह कोणत्या दिशेला, एवढे असले तरी पुष्कळ. 'सहा ग्रह एका रेषेत' अशा बातम्यांत नुसत्या डोळ्यांना कोणते दिसणार ते लिहावे. नेपच्यून दुर्बिणीशिवाय कधीच दिसत नाही, आणि ग्रह आकाशात एका पट्ट्यातच असतात, ते नेहमीचेच आहे. मंडळांच्या कार्यक्रमाची बातमी देताना तिथी, किती दुर्बिणी, किती जणांना प्रवेश आणि ढग असल्यास काय, या चार गोष्टी संयोजकांकडून विचारून घ्याव्यात. त्या छापायच्या आहेत हे कळले की संयोजकांना त्या आधी ठरवाव्या लागतील.

आपला,
खगोल मंडळाचा एक कार्यकर्ता, ठाणे